घरातल्या माणसाचा मनोविकार वेळीच कसा ओळखावा आणि पुढे काय करावे

खानदेशात मनाचा आजार दवाखान्यात पोहोचतो तो बहुतेक वेळा शरीराची तक्रार होऊन. छातीत धडधडते, डोके जड राहते, अन्नावर वासना नाही, हातापायांना मुंग्या येतात, अंगात कस उरलेला नाही, असे माणूस सांगतो. अहिराणी बोलणारी आजी तर 'मना जीव घाबरस' एवढेच म्हणून गप्प होते. मग रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, ईसीजी निघतो, सलाईन लागते, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले की घरचे म्हणतात, 'काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.' त्यानंतर रुग्ण आपली तक्रार सांगणेच सोडून देतो आणि आजार उपचाराविना वाढत राहतो. पुढील मजकूर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अशा घरांसाठी आहे. तो वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. डॉक्टरांकडे कधी जायचे आणि तेथे काय सांगायचे, एवढे मात्र त्यातून ठरवता यावे.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि नैराश्य व चिंताविकार यांसारख्या नेहमीच्या विकारांत सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळालेला नव्हता. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. मात्र खानदेशाला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये होती, आणि सातपुड्याच्या अलीकडे चित्र फार निराळे असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आधी तीन प्रश्न

कोणत्याही विकाराचे नाव घेण्यापूर्वी घरच्यांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हे किती दिवसांपासून चालू आहे? हा माणूस पूर्वी कसा होता आणि आता त्यात काय बदलले? या बदलामुळे त्याचे कोणते काम, कोणते नाते, कोणती रोजची गोष्ट थांबली? दुःख, काळजी, राग, रडू या भावना आजार नाहीत. पीक गेल्यावर किंवा घरात मयत झाल्यावर माणूस खचला नाही तरच नवल. पण आठवड्यामागून आठवडे जाऊनही झोप, जेवण, बोलणे आणि काम पूर्वपदावर येत नसेल, तर तेथे आजाराची शंका घ्यावी. 'असे का झाले' हा प्रश्न घरात सर्वांत आधी विचारला जातो आणि त्यातून बहुधा कोणाला तरी दोष देण्यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून तो नंतरसाठी ठेवावा.

नेहमी आढळणारे विकार

नैराश्यात दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळपास रोज आणि दिवसातला बराच वेळ, मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटत नाही. त्याच्या जोडीला पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, भूक व वजन यांत फरक पडणे, सतत थकवा, साधा निर्णयही घेता न येणे, आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे वाटणे, आणि जगण्यातच अर्थ नाही असे विचार येणे, यांपैकी काही लक्षणे असतात. प्रत्येक रुग्ण रडतोच असे नाही. यावल-रावेरकडचा एखादा केळी बागायतदार सकाळी उठल्याबरोबर केळीचा भाव विचारणारा असतो. तो हळूहळू बागेत जाणे टाळतो, ठिबक सुरू करायला मुलाला पाठवतो, व्यापाऱ्याचा फोन वाजत असला तरी उचलत नाही आणि ओट्यावर बसूनही कोणाशी बोलत नाही. घरच्यांना तो आळशी किंवा चिडका झालेला वाटतो. पुरुषांमधले नैराश्य बऱ्याचदा अशा चिडचिडीतून आणि वाढत्या दारूतून दिसते. उन्हाळ्यात बिबड्या-पापड करायला गल्लीतल्या बायकांना हाका मारून गोळा करणारी वहिनी यंदा दाराबाहेर येत नाही, सगळ्यांना जेवू घालते आणि स्वतः मात्र 'भूक नाही' म्हणून झाकपाक करते. तिची तक्रार असते ती कंबरदुखीची. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर 'वय झाले' एवढ्या शब्दांवर त्यांचे नैराश्य झाकले जाते.

चिंताविकारात काळजी थांबवता येत नाही. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, तब्येत, पाऊस, असे विषय बदलत राहतात, पण काळजी तशीच राहते. महिनोन् महिने बहुतेक दिवस हे चालते आणि अंग आखडणे, पोट बिघडणे, झोप न लागणे हे सोबत येते. भीतीचा झटका हा त्याचा तीव्र प्रकार आहे. त्यात काही मिनिटांतच धडधड, घाम, श्वास कोंडणे, हातापायांची थरथर आणि 'आता मी मरतो' अशी भीती कळसाला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. छातीत पहिल्यांदाच असे होत असेल, आणि विशेषतः चाळिशी उलटलेली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांपैकी काही असेल, तर ते हृदयाचेच दुखणे समजून तातडीने दवाखाना गाठावा. हृदय निर्दोष असल्याचे एकदा नीट ठरल्यावर मात्र दर महिन्याला नवा ईसीजी काढत फिरू नये. तेथून पुढचा रस्ता मनोविकारतज्ज्ञाकडे जातो.

मंत्रचळाविषयी थोडक्यात सांगायचे तर, तोच तोच नकोसा विचार आणि तीच तीच कृती यांत दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ जात असेल, हात धुऊन धुऊन कातडी निघत असेल, तर ते सोवळे-ओवळे राहिलेले नसते. रुग्णाला स्वतःलाही बहुतेक वेळा ते निरर्थक आहे हे कळत असते आणि म्हणूनच तो लपवतो.

दारूचे व्यसन हाही निदान आणि उपचार असलेला आजार आहे, आणि त्याबद्दल घरोघर होणारी एक चूक जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी शपथ घालून, खोलीत कोंडून एकदम दारू सोडायला लावतात. अशा माणसाचे शरीर दारूला सरावलेले असते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भास होतात, ते माणसे ओळखत नाहीत, सैरभैर होतात. या अवस्थेत मृत्यूही होऊ शकतो. पूर्वी दारू सोडताना फिट आलेली असेल किंवा सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागत असेल, तर दारू सोडण्याचा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच अमलात आणावा. त्यासाठी औषधे आहेत, आणि बी-१ जीवनसत्त्वही दिले जाते. दारू देशी असो वा मोहाची, नियम तोच.

तीव्र विकार संख्येने कमी असले तरी कुटुंबाला ते सर्वांत जास्त हादरवतात. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो: कॉलेजातला मुलगा मित्र तोडतो, आंघोळ टाळतो, एकटाच पुटपुटतो, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतो असे ठामपणे सांगतो, नसलेले आवाज ऐकतो. द्विध्रुवी विकारात नैराश्याचे काळ येतात आणि त्यांच्या आगेमागे उन्मादाचेही, ज्यात माणूस रात्रभर जागूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, उधळपट्टी करतो, अशक्य मोठे बेत आखतो. आणि बाळंतिणीकडे घराने विशेष लक्ष द्यावे. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुतेकींना येते आणि दोन आठवड्यांत निवळते. त्याहून लांबले तर ते नैराश्य असू शकते. पण बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत ती अजिबात झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, बाळाविषयी भलतेसलते सांगत असेल, तर 'बाहेरचे काही लागले' म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर आई व बाळ यांना एकटे सोडू नये.

धोक्याचे घटक कसे समजून घ्यावेत

धोक्याचा घटक म्हणजे आजाराची शक्यता वाढवणारी गोष्ट. तो घटक असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही आणि नसलेल्या काहींना होतो. कोरडवाहू कपाशी एका पावसाच्या खंडाने जात नाही. खंड, बोंडअळी आणि पडलेला भाव एकाच हंगामात आले की शेतकरी कोलमडतो. मनाचेही तसेच आहे. म्हणून एकच कारण शोधत बसण्यापेक्षा आपल्या माणसाच्या वाट्याला किती घटक एकत्र आले आहेत हे पाहावे, आणि त्यांतले कोणते आपल्याला बदलता येतील याचा विचार करावा.

आनुवंशिकतेबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. आई-वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणजेच दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही. नैराश्यात सख्ख्या नात्यातल्या माणसाला धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. सोयरीक जुळवताना ही माहिती लपवली जाते आणि 'लग्न झाले की ठीक होईल' असे म्हणून उपचार चालू असलेल्या मुला-मुलीचे लग्न उरकले जाते. याचा परिणाम मला फार क्लेशदायक वाटतो: सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात, नवे घर, नवी माणसे आणि जागरणे यांचा ताण पडतो, आणि काही महिन्यांतच आजार उलटतो. लग्न हा कोणत्याही मनोविकाराचा उपचार नाही. आजार आटोक्यात आल्यावर, दोन्हीकडच्यांना स्पष्ट सांगून, औषधे चालू ठेवून केलेली लग्ने टिकतात.

निम्म्या मनोविकारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहानपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, आई-वडिलांपैकी एकाचे अकाली जाणे यांचा परिणाम पुढे दशकानुदशके राहू शकतो. आश्रमशाळेत नव्याने दाखल झालेले मूल रात्री अंथरूण ओले करू लागले, वर्गात बोलेनासे झाले, तर शिक्षा करण्याऐवजी त्याच्यावर काय गुदरले आहे याची चौकशी शिक्षकाने करावी. स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळते. त्यात संप्रेरकांचा वाटा आहे, पण घरातली हिंसा, लवकर झालेले लग्न, मुलगाच व्हावा म्हणून होणारा छळ आणि स्वतःच्या हाती पैसा नसणे यांचा वाटा कमी लेखू नये.

कर्ज, नापिकी आणि वादळाने एका रात्रीत आडवी झालेली काढणीची केळी हे खानदेशातले उघड घटक आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत आधार देणारी माणसे तुटतात, झोप कमी पडते आणि म्हातारी माणसे गावात एकटी राहतात. दीर्घ आजारही धोका वाढवतात: मधुमेह, क्षय, पक्षाघात, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ज्यात वारंवार होणाऱ्या वेदनांनी मुले-मुली खचतात. याउलट थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तक्षय आणि काही औषधे यांमुळे नैराश्यासारखीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून मनोविकारतज्ज्ञ रक्ततपासणी सांगतात तेव्हा तो अनावश्यक खर्च समजू नये. कोवळ्या वयात गांजा ओढण्याने वास्तवाशी संबंध तुटणाऱ्या विकारांचा धोका वाढतो, हे मुलांना धाक न दाखवता पण स्पष्ट सांगावे.

बोलायचे कसे

सुरुवात तुम्हाला दिसलेल्या गोष्टीपासून करावी. 'जिभाऊ, पंधरा दिवस झाले, तुम्ही पहाटेपासून अंगणात बसलेले दिसता, शेताकडेही फिरकला नाहीत. जिवाला काही लागले आहे का?' असे एकांतात, घाई नसताना विचारावे आणि नंतर गप्प राहावे. 'मन घट्ट करा', 'लोकांना याहून मोठी दुःखे आहेत', 'तुमच्यात काय कमी आहे?' ही वाक्ये टाळावीत. उत्तर पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

शंका असेल तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना विचारले गेल्याने मोकळे वाटते. उत्तर 'हो' असेल तर माणसाला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. असा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी साधन हाताशी नसणे यामुळे जीव वाचतात. १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

डॉक्टरांकडे जाताना

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयात मनोविकार विभागाचा केसपेपर काढावा. लांबच्या पाड्यावरून एकदम तेथे जाणे जमत नसेल तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपासून सुरुवात करावी. जाण्याआधी वहीच्या एका पानावर माहिती लिहून न्यावी, कारण गर्दीच्या ओपीडीत बोलायला वेळ थोडा मिळतो आणि रुग्णासमोर घरच्यांना सगळे आठवत नाही. ते पान साधारण असे असावे: 'वय ४६. पोळ्यापासून झोप चार तास. पहाटे तीनला उठतात. दोन वेळचे जेवण एकवेळ झाले, पँट सैल होते. शेतात जाणे दिवाळीपासून बंद. दारू पूर्वी सणावारी, आता रोज. थोरल्या काकांना असाच आजार होता. बीपीची गोळी चालू आहे, नाव सोबत. मागच्या आठवड्यात म्हणाले की माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल.' एवढ्या मजकुरात डॉक्टरांना हवे असलेले बहुतेक सगळे आले आहे.

भगताकडे किंवा देवस्थानी जाण्यावरून घरात भांडण करू नये. कुटुंबाला त्याने धीर येत असेल तर येवो, पण औषध थांबवायचे नाही आणि अंगाला त्रास द्यायचा नाही, या दोन अटी पक्क्या ठेवाव्यात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. घरातल्या आजारपणाचा दोष एखाद्या बाईवर ठेवून तिला डाकीण ठरवणे हाही अपराध आहे. अशी कुजबूज कानावर आली तर पोलीस पाटलांना लगेच सांगावे.

औषधे चालू झाल्यावर

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, तोंड कोरडे पडणे यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. त्यामुळे अनेक जण नेमके चुकीच्या वेळी गोळ्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागू शकते ती झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची, आणि मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय त्याच घेतल्या जातात. सौम्य नैराश्यात आणि चिंताविकारात समुपदेशनाने, विशेषतः विचार व वर्तन बदलण्याच्या पद्धतशीर उपचाराने, गोळ्यांइतकाच फायदा होऊ शकतो.

खानदेशच्या उन्हाळ्याचा येथे वेगळा विचार करावा लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. द्विध्रुवी विकारात लिथियम हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातले पाणी घामाने किंवा जुलाब-उलट्यांनी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हात जास्त थरथरणे, उलट्या, जीभ जड होणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालयात न्यावे आणि लिथियमची पातळी तपासून घ्यावी. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम कमी करू नये, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यांतल्या काहींमुळेही लिथियम वाढते. मनोविकारावरील इतर काही औषधांनी घाम कमी येतो आणि शरीर तापते. अशा रुग्णाने दुपारी बारा ते चार शेतात राबू नये.

मजुरीसाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना मुक्काम किती महिन्यांचा आहे ते सांगावे, जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा आणि गोळ्यांची जबाबदारी टोळीतल्या एका विश्वासू नातेवाइकाकडे द्यावी. झोप पुन्हा कमी होऊ लागणे हे आजार उलटण्याचे बहुधा पहिले लक्षण असते. सलग तीन-चार रात्री झोप गेली की तेथूनच डॉक्टरांना फोन करावा, परतण्याची वाट पाहू नये.